मलमाचं नाव

आमच्या कुत्र्याच्या पंजावरची चाटून चाटून उघडी पडलेली जागा आधी नखाएवढी होती. महिनाभरात ती कोटाच्या बटणाएवढी झाली. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, त्यामुळे कारण रक्तातच सापडणार याची मला खात्री. जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्या हट्टाखातर रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित निघालं आणि मी चक्क हिरमुसले.

"आजार नाही हो. दिवसभर एकटा असतो, कंटाळतो," ते म्हणाले.

एवढं शिकून माणसाने शोधून काढलं काय, तर कंटाळा! ओळखीपाळखीत मी त्यांची यथेच्छ बदनामी केली.

पुढे परिषद आणि तिला जोडून आलेलं प्रशिक्षण, असं तीन आठवडे परगावी जाताना कुत्रा ताईकडे ठेवला. न्यायला आले, तर जखम भरून वर नवे केस उगवत होते.

"तुमच्या डॉक्टरांनी मलम कोणतं दिलं गं?" मी उत्साहाने विचारलं.

"कसलं मलम नि कसले डॉक्टर! पोरं त्याला घटकाभर बसू देत नाहीत, चाटायला वेळ कुठाय त्याला? वर्षभर सांगतेय, इथेच ठेव. पण तू ऐकशील तर शपथ!"

मी आणखी एखादी तपासणी आठवून पाहिली. एकही आठवली नाही.

"ताई," मी म्हणाले, "राहू दे त्याला तुमच्याकडेच."