दक्षिणेकडे पाय

प्रिंट काढलेल्या नकाशावरून वाट शोधत वैजयंती आणि शिरीष सांता क्लाराहून डोंगरातल्या त्या जपानी पद्धतीच्या हॉटेलात पोचले. गरम झऱ्याजवळच्या त्यांच्या खोलीत जमिनीवर दोन गाद्या घातलेल्या होत्या. पश्चिमेच्या खिडकीतून आत आलेलं ऊन पाहून वैजयंती चरकली.

"अरे, पाय दक्षिणेकडे येतायत. असं मेलेल्या माणसाला ठेवतात."

"कमॉन वैजू, कॅलिफोर्नियात कसली आलीय दक्षिण!" नवरा हसला.

तिनं दोन्ही गाद्या फिरवल्या.

झऱ्यात डुंबून दोघं परतले, तर तिची गादी जशीच्या तशी होती. शिरीषची मात्र पुन्हा दक्षिणेकडे. खोलीची किल्ली तर तिच्याच मुठीत होती.

तिनं त्याची गादी परत फिरवली. "दहा मिनिटं पडतो," म्हणून शिरीष आडवा झाला आणि लगेच घोरू लागला.

त्याच्या पायांकडे तोंड करून ती उशाशी गादीवरच बसली. दोन्ही हातांनी गादी घट्ट धरली. मावळतीचं ऊन तिच्या डाव्या गालावर पडलं होतं.

गादी तसूभरही हलली नाही. तिनं पापणीसुद्धा लवू दिली नाही.

घोरणं थांबलं, तेव्हा तेच मावळतीचं ऊन तिच्या उजव्या गालावर होतं.