कापलेला दोर

"पाय रोव, भिवाजी! बुटाचे खिळे पुरते घुसू देत!" वरून सबनीस साहेब ओरडले.

भिवाजीनं बूट बर्फात हाणला. घळ कसली, उभी भिंतच ती! दोन्ही अंगांना काळा कातळ, मध्ये चार-पाच हात रुंद बर्फाचा पट्टा, आणि तो थेट शिखराला भिडलेला. त्याच्या कंबरेचा दोर वर साहेबांच्या कंबरेला गेला होता. पाठीमागे कंबरेला बांधलेल्या लाकडी अकडीत कोयती होती.

ती कोयती साहेबांनी सकाळी तंबूतच पाहिली होती. "इथं तोडायला एक झुडूप नाही रे," एवढंच म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

गेल्या जानेवारीत याच घळीत भिवाजीचा धाकटा भाऊ कमळ्या गेला होता. चौक गावच्या गॅरेजात काम करायचा तो. तेवीस वर्षांचा, अंगापिंडानं वाघासारखा. सबनीस साहेब रविवारी मुंबईहून या भावांच्या गावी, पळसदरीच्या कड्यांवर चढाई शिकवायला यायचे. कमळ्याला हा नाद त्यांनीच लावला. त्याच्यावर त्यांचा इतका जीव, की त्यांच्या गिर्यारोहण क्लबचा नवाकोरा नायलॉनचा दोर वर्षभर कमळ्याच्याच घरी असायचा. हिमाचलातल्या या शिखरावर दोघं त्याच दोरानं चढले, आणि साहेब एकटे परत आले.

निरोप घेऊन ते पळसदरीला आले, तेव्हा भिवाजी घाटात रुळांच्या कामावर होता. घरी पोचला तर आई, येसूबाई, ऊर बडवत बसलेली.

"सायबानं सोताच्या तोंडानं सांगितलं रं! पोर खाली लोंबत व्हता, आनि या मेल्यानं दोर कापला! सोताचा जीव वाचवाया कापला!"

गोष्ट मुंबईपर्यंत गेली. क्लबनं साहेबांना जाब विचारला. त्यांनी मान खाली घातली, नाही म्हणून म्हटलं नाही. मग कोण बांधतो अशा माणसाशी दोर? ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले.

आणि येसूबाई? महिनाभर अन्नाला न शिवलेली बाई एक दिवस चुलीपुढून उठली, ती साहेबांच्या नावानं बोटं मोडतच. त्या दिवसापासून रोज सकाळी शिव्याशापांची लाखोली वाहायची आणि मग दोन घास गिळायची. त्या रागानंच तिला जगवलं होतं म्हणा ना.

दिवाळीनंतर भिवाजी साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला. "मला ती जागा दाखवा."

साहेबांनी दार पुरतं उघडलं. "जानेवारीत येशील?"

निघताना त्यानं आईच्या पायांना हात लावला होता. काय करायचं ते मायलेकांत ठरलं होतं. उतरताना साहेब खाली असणार, भिवाजी वर. एक घाव पुरे होता.

शिखर पन्नास-साठ हातांवर आलं, तेव्हा साहेब थांबले. धापा टाकत म्हणाले, "इथंच घसरला तो."

भिवाजीनं त्या दिवशी पहिल्यांदा खाली पाहिलं. डावीकडे कातळाची एक पडवीसारखी कपार होती. तिच्यात काहीतरी लाल दिसत होतं. येसूबाईनं कर्जतच्या बाजारातून घेतलेला लाल स्वेटर! ओळखायला त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"मला खाली सोडा," तो म्हणाला.

"सोडतो. मी धरलंय."

ज्याचा जीव घ्यायला आला, त्याच्याच हातातल्या दोरावर भिवाजी उतरला. कमळ्या कुशीवर झोपल्यासारखा पडला होता. भिवाजीनं त्याच्या गालावरचा बर्फ पुसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग कमळ्याच्या कंबरेशी लोंबणारा दोर त्यानं हातात घेतला.

दर उन्हाळ्यात घायपाताच्या वाखाचे दोर वळणारा माणूस तो. तोडलेला कुठला आणि तुटलेला कुठला, हे त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. पात्याचा घाव सगळे पीळ एका रेषेत कापतो. इथं एक पीळ वीतभर लांब, तर दुसरा बोटभर. त्यानं एक तंतू चिमटीत धरून वाकवला, तर तो वाळल्या गवतासारखा मोडला.

भिवाजी सुन्न झाला. कोयतीनं ते टोक छाटून घेतलं आणि वर आला.

"ह्यो कापलेला नाय, सायेब!" त्याचा आवाज चिरकला. "तुटलाय ह्यो! तुमी खोटं बोललात?"

साहेबांनी वर ओढलेल्या दोराचं वेटोळं बाजूला ठेवलं.

"अवो, परत उतरताना मी तुमाला मारनार व्हतो!"

"ठाऊक होतं मला."

"मंग का? सगल्या मुलखानं तुमच्या तोंडावर थुंकावं, असं खोटं का सांगितलं माज्या आयेला?"

साहेबांनी ते टोक त्याच्या हातातून घेतलं.

"नायलॉनला धग मानवत नाही, भिवाजी. तो आतून मरतो आणि वरून काही कळत नाही. मीही निघताना वरवरच पाहिला. तुटल्यावर मात्र शंका आली. हा पावसाळ्यात ठेवला कुठं होता, तेच विचारायला मी तुमच्याकडे आलो होतो. पण 'दोर तुटला' एवढंच म्हणालो, तोच तुझी आई बोलली."

"काय बोलली?"

साहेबांनी शिखराकडे पाठ फिरवली.

"म्हणाली, 'दोर तर मी पोरावानी जपला व्हता, सायेब. उंदीर लागू नये म्हनून चार महिने चुलीवर टांगला, धुरात, आपला वाखाचा टांगतो तसाच. निघायच्या आदी काजलीबी रिठ्यानं धुवून दिली. मंग तो तुटला कसा?'"