पोचल्यावर

टपावरची बॅग उडाली, तरी घड्याळजींनी गाडी थांबवली नाही.

"बाबा, माझे पोहायचे कपडे गेले," थोरली म्हणाली.

"दुसरे घेऊ. काही झालं तरी अंधार पडायच्या आत समुद्र गाठायचाच."

शेजारी बसलेल्या बायकोने नकाशातून डोकं वर न काढता सांगितलं, "पुढे डावीकडे."

डावीकडचा रस्ता थेट एका गोठ्यात संपला. आतल्या गाईने पुढची काच चाटून साफ केली. गाडी मागे घेताना चिखलात रुतली, आणि ढकलायला उतरलेली दोन्ही मुलं ओळखू येईनाशी झाली.

मोजणी खात्यात आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या बाईने असं चुकावं, हे घड्याळजींना खटकलं. पण भांडणं केव्हाच संपली होती. दोघांनी वेगळं व्हायचं ठरलं होतं, आणि समुद्रावर पोचलं की मुलांना ते नीट बसवून सांगायचं होतं. घड्याळजींना ते एकदाचं उरकून टाकायचं होतं.

"पोचल्यावर काय सांगणार आहात?" शेंडेफळाने मागून विचारलं. "कुत्रं आणणार ना आपण?"

"पोचल्यावर," दोघंही एकदम म्हणाली. वेगळं होणं सोडलं, तर कित्येक महिन्यांत त्यांचं कशावर एकमत झालं नव्हतं.

पुढे एक नळ दिसला. मुलांना धुऊन काढायला घड्याळजी उतरले. बायको म्हणाली, "मी गाडीपाशी थांबते."

ते परत आले तर मागचं चाक बसलेलं.

"खिळा लागला असेल," बायको म्हणाली. करकचून बांधलेला तिचा अंबाडा सुटून केस खांद्यावर आले होते.

स्टेपनी घरीच राहिली होती. घड्याळजींनी डिकीतून पायपंप काढला आणि घामाघूम होईस्तोवर हवा भरली. "पोचायचंच," ते प्रत्येक दाबाला पुटपुटत होते.

गाडी थोडी पुढे गेली आणि शेंडेफळाचं पोट ढवळलं.

"तू बघ त्याला," बायको म्हणाली, "मी तोवर रस्ता बघते."

झुडपाआड नेल्यावर शेंडेफळाला काही झालं नाही, नुसतीच एक ढेकर आली. ते लगेच परतले. चाक पुन्हा खाली बसत होतं, आणि बायको पलीकडे उभी राहून नकाशात तोंड खुपसून होती.

"बाबा, आता तरी पोचू ना?" थोरलीने विचारलं.

"पोचणार म्हणजे पोचणार."

पंप घेऊन घड्याळजी चाकापाशी गुडघ्यावर बसले. बारीक फुसफुस ऐकू येत होती. हवा भरायच्या तोंडात केसांची पिन खोचलेली होती.

त्यांनी पिन तशीच राहू दिली, आणि पंप उचलून डिकीत ठेवून दिला.