बाहेरली भिंत

"हा गुलाबी कोणी निवडला?" किशोरीने भिंतीवर नख मारून पाहिलं. ऑइलपेंटवरून नख घसरलं.

"मीच," जयमालाबाई म्हणाल्या. "आमच्या आत्येंना गुळगुळीत हवी होती. हात फिरवला तर कुठे अडकू नये अशी."

आत्ये म्हणजे त्यांच्या सासूबाई, सखूआजी. किशोरीने 'हं' केलं. घराची सजावट बदलायच्या कामासाठी बोर्ली पंचतनला ती तिसऱ्यांदा आली होती, आणि दर खेपेला या घराने तिचं डोकं उठवलं होतं. बाहेर नारळी-पोफळी, जांभ्याचा गडगा, आणि आत हे. दवाखान्यासारख्या पांढऱ्या लाद्या, पोपटी सॅटिनचे पडदे, फुलदाणीत प्लॅस्टिकचे गुलाब. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा पुण्यात बड्या कंपनीत. पैसा आला पण नजर नाही आली, असं तिने गाडीतच सदाला ऐकवलं होतं. सदा तिचा गवंडी. त्याने मान डोलावली, कारण गाडी तिची होती.

"भिंतीला पोत लागतो, बाई," शाळेतल्या मुलीला समजावावं तशी ती जयमालाबाईंना समजावू लागली. "माती, चुना, भाताचा तूस, शेण. मातकट रंग, आणि त्यात बोटांचे फराटे. मांडव्याच्या बंगल्यांमध्ये लोक अशा भिंतीसाठी माझ्या मागे लागतात."

"शेण? बैठकीच्या खोलीत?"

"वास राहत नाही हो."

जयमालाबाईंना मुलाने, प्रितमने, फोनवर बजावलं होतं: आई, त्यांना त्यातलं कळतं, तू मध्ये पडू नकोस. तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई स्वतःच्या घरात गप्प बसली. किशोरीला तो समंजसपणा वाटला. समोरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिने उतरवली आणि कपाटावर पालथी ठेवली.

"बुद्ध छान आहे, पण ही निळी चौकट नको. मी पितळेची मूर्ती आणते. कोपऱ्यात उठून दिसेल."

दुपारपर्यंत गुलाबी रंग खरवडून झाला. सदाने घमेल्यात माल कालवला आणि भिंतीवर हात चालवायला सुरुवात केली. त्याचे फराटे एकाला एक जुळत नव्हते. किशोरीने दोनदा पुसायला लावले. तेवढ्यात तिला दारात उभी असलेली सखूआजी दिसली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली. तिची बोटं लांब होती, सांधे सुजलेले.

"आजी, तुम्ही सारवलं असेल ना? जरा हात मारून दाखवा याला."

"मॅडम, नको," जयमालाबाई पटकन म्हणाल्या. "त्यांना नका सांगू."

"अहो, खरी माहितगार घरात असताना मी शहरातला माणूस कशाला राबवू?"

सखूआजीने सुनेकडे पाहिलं, मग घमेल्याकडे. तिने लुगड्याचा पदर खोचला, माल बोटांत चोळून पाहिला, "शेन कमी हाय" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

तासाभरात अर्धी भिंत झाली. मनगट फिरायचं तिथेच फिरत होतं, एका कमानीतून दुसरी कमान निघत होती. सदा थापी खाली ठेवून बघत राहिला. किशोरीने मोबाइल काढला आणि फक्त हात घेतले; जाड भिंगांचा चष्मा आणि पिवळं स्वेटर चित्रात आलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

"कुठे शिकलात हो, आजी?"

"खोताच्या गोठ्यात."

"वा. मग त्यांचं घरही असंच सुरेख सारवत असाल."

"घरात कोन घेनार आमाला? गोठा, आंगान न् मागली भित. उनं चढायच्या आत सारवायचं न् निगायचं."

"सुंदर," किशोरी म्हणाली. तिचं लक्ष मोबाइलवर होतं. व्हिडिओ तिने तिथूनच प्रितमला पाठवून दिला.

भिंत पुरी झाली. सखूआजीने मोरीवर हात धुतले आणि ती मागच्या दाराने बाहेर जाऊन पायरीवर बसली. सुनेने चहा आणला, तो तिने तिथेच घेतला. मग तिने आपली चटईही बाहेर मागवली. जयमालाबाईंनी ती आणून दिली.

किशोरी दारात आली. "आजी, अशा उन्हात का बसलात? आत या. भिंतीला टेकून बसा, एक छान फोटो काढू."

सखूआजीने कप खाली ठेवला. केसांपासून चपलेपर्यंत तिने किशोरीला न्याहाळलं. किशोरीकडे असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. असं ती स्वतः लोकांच्या पडद्यांकडे पाहायची.

"ही भाइरली भित हाय, बाय," सखूआजी म्हणाली. "ती तू आत आनलीस. मंग मी भाइरच बरी."

किशोरी जयमालाबाईंकडे वळली. त्यांनी नजर हलवली नाही. किशोरीला खोताचा गोठा आता ऐकू आला, आणि त्यापुढचं 'घरात कोन घेनार आमाला?'ही. हातातला मोबाइल वाजला. प्रितमचा निरोप होता: 'भारीच. आजीला आवडली का?'

तिने मोबाइल बंद केला. मग आत गेली आणि सदाला म्हणाली, "थापी दे. माती ओली आहे तोवर निघेल."