रिकामा चार्जर

चार वाजता अण्णा खरातांनी चार्जर भिंतीत खोचला, बटण दाबलं आणि फोन खिशातच ठेवला. रिकामा चार्जर दिसताच भिंतीतल्या स्मार्ट बोर्डाने नाशिकला त्यांच्या मुलीकडे, विजूकडे, मेसेज पाठवून चहाडी केली. लगेच तिचा फोन आला.

"अण्णा, चार्जर पुन्हा रिकामाच चालू. वीज जाते आणि तापतोही."

"विसरलो गं."

"तीस वर्षं वायरमन होतात तुम्ही."

मग गुडघा, मेथी, नातीचा पडलेला दात, असं वीस मिनिटं चाललं.

आठवड्याने एक तंत्रज्ञ नवा बोर्ड घेऊन आला. "काका, आता रिकामा चार्जर आपोआप बंद होईल. मुलीला कळवायची गरज नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. पण वीज वाया घालवणं त्यांच्याही जिवावर यायचं. "बसवा," ते म्हणाले.

तंत्रज्ञाने यादी पाहिली. "थांबा, तुमच्या मुलीने नको म्हणून कळवलंय. कारण लिहिलंय, 'वडील मुद्दाम विसरतात, विसरू द्या.'"

अण्णांनी खिशातून फोन काढला.

"बसवूनच टाका," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच विजूला फोन लावला.