क्रोशाची टोपी

बाप गेल्यावर जमिनीला नाव लावायला येणारा जो तो पोरगा एकुलता एक असतो. वडूजला तलाठी म्हणून आल्यापासून बहिणींना गिळणारं हे खोटं ऐकून ऐकून मला शिसारी आली आहे.

काल लियाकत आला. "अब्बांना मी एकटाच वारस हाय, मॅडम. बहीणभाऊ कुणी न्हाई," म्हणत त्यानं शपथपत्रावर सही ठोकली.

मला त्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून डोक्याकडं बघितलं. पांढऱ्या दोऱ्याची, क्रोशानं विणलेली नाजूक टोपी होती. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "टोपी कुठं घेतली?"

लियाकत एकदम फुलला.

"असली इकत मिळत न्हाई, मॅडम. दर ईदला माझी बहीण विणून धाडती!"