बिनरंगी गोळी

तिसऱ्या कंपनीच्या मल्टीव्हिटॅमिन गोळीनंतरही कुंदाताईंच्या अंगावर लालभडक गांधी उठल्या, तेव्हा सून म्हणाली, "आई, तुमच्या मनाचे खेळ आहेत ते." पित्ताचा हा त्रास अकरा वर्षं सोसणाऱ्या ताईंना ते पटेना. रक्तात जीवनसत्त्वं कमी होती, डॉक्टर गोळी घ्याच म्हणत होते. मग त्यातलं नेमकं काय बाधत होतं?

तिन्ही खोकी घेऊन त्या शफीकच्या औषधाच्या दुकानात गेल्या. शफीक शाळेत त्यांच्याकडे भूगोल शिकला होता.

"बाई, सगळ्यांत व्हिटॅमिनं तीच असतात," तो हसून म्हणाला. पण बाई भिंगातून बारीक अक्षरं वाचून वहीत उतरवू लागल्या, तसा तोही वाकून बघायला लागला. जीवनसत्त्वं कमीजास्त होती, पण एक पिवळा रंग मात्र तिन्ही गोळ्यांत होता.

"म्हणजे औषध नाही, रंग बाधतोय की काय?" शफीकनं एकेक कप्पा उपसला. शेवटी एक साधी, पांढरी, बिनरंगी गोळी सापडली. डॉक्टरांनीही फोनवर तिच्यातले घटक ऐकून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर ताईंनी गोळी घेतली आणि बाह्या वर सारून त्या हातांकडे बघत बसल्या. एक तास गेला, मग तीन गेले. दुपारी शफीकचा फोन आला.

"बाई, काय झालं?"

"काहीच नाही झालं रे!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की सून आतून धावत आली.